कासमभाईंची खिडकी

कासमभाई आतार कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकी उघडत आणि मग बसत. यजमानाला विचारायची भानगड नाही. वहाणा काढायच्या, दोन ढांगांत खिडकी गाठायची, कडी काढून दार भिंतीला टेकेपर्यंत ढकलायचं, आणि मग सतरंजीवर मांडी घालून विचारायचं, "हं, डोकं काय म्हणतंय?"

बाकीचं जग "काय, बरं आहे ना?" असं विचारतं. कासमभाई डोक्याची चौकशी करत. नव्या माणसाला तो अपमान वाटे. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी एकदा भर बाजारात हे विचारलं, तर हेडमास्तर पुढं कितीतरी दिवस रस्ता बदलून जात. भोरच्या जुन्या माणसांना मात्र सवय झाली होती. ते "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत आणि कासमभाई दुसऱ्या खिडकीकडं वळायच्या आत त्यांच्या हातात चहा देत.

गावानं त्यांचं नाव ‘खिडकी’ ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठ फिरल्यावर फार थांबतही नसत. नाव ठेवण्यात भोर कुणाला हार जाणारं गाव नाही. मला ‘शुद्धलेखन’ म्हणत, ते जाऊ दे.

पण हे सगळं नंतरचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विमान चालवत होते.

मी भोरच्या शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कुणी ‘सरकार’ म्हणालं की नेमकं कोणतं ते विचारून घ्यावं लागे. मला खोली मिळाली ती आतारचाचांच्या दुकानाच्या माडीवर. आतारचाचा म्हणजे कासमभाईंचे वडील. बुटके, पांढऱ्या दाढीचे, बोलायला अगदी हळू. दुकानात कुंकू, बुक्का, उदबत्त्या, बाळंतिणीच्या धुरीचा ओवा आणि बाळंतशोपा, आणि वरच्या फळीवर अत्तराच्या कुप्या. गावातलं एकही लग्न त्यांच्या कुंकवाशिवाय लागत नसे.

चाचांची एक रीत होती. गाव सोडून जाणारा कुणीही असो, सासरी निघालेली मुलगी असो की पुण्याला नोकरीसाठी निघालेला पोरगा, दुकानावरून गेला की चाचा त्याला हाक मारत आणि हिन्याच्या अत्तरात बुडवलेला कापसाचा फाया त्याच्या कानाच्या पाळीत वर खोचत. "वास कानात असला की माणूस गावाला इसरत न्हाई," एवढंच म्हणत. मग तो माणूस खेड-शिवापूरपर्यंत तरी एसटीभर घमघमत जाई.

कासमभाई युद्धाच्या दिवसांत लष्करात मेकॅनिक म्हणून गेले आणि विमान चालवायला शिकून परत आले. मधलं सगळं त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. पुण्यातल्या एका खाजगी मालकाचं दोन माणसांचं छोटं विमान ते चालवत. कधी कुणाला डोंगरातली जमीन वरून बघायची असे, कधी कुणाला नुसतीच हौस. सुटीला घरी आले की पिवळी पडलेली खाकी पँट, पायात बूट, आणि कानात हिन्याचा फाया, हा त्यांचा वेश. दर वेळी निघताना चाचा नवा फाया खोचत आणि एवढा बाप्या गडी मान खाली घालून उभा राही.

गल्लीतल्या पोरांना त्यांनी एक खेळ लावला होता. गावांची नावं उलटी म्हणायची. "भोरास्नं पुणं न्हवं, ते कुनालाबी येतं. भोरास्नं पुण्याला जायची गावं, पण शेवटाकडनं." कात्रज, शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ, भोर. सगळ्यांत भरभर म्हणायची ती बापूसाहेबांची शांता. ती माझ्याच वर्गात होती. निबंधात तिचा हात जेमतेम चाले, पण ही नावं ती एका दमात म्हणून मोकळी होई.

मी कासमभाईंना विचारलं, "हे काय खूळ?"

"खूळ न्हाई मास्तर. आमच्या शिकवणाऱ्यानं सांगितलंय. वर असताना अधनंमधनं पाठ असलेलं कायतरी उलटं म्हणून बघायचं. चुकलं तर समजायचं, डोकं ठिकाण्यावर न्हाई. मग गुमान खाली उतरायचं."

"आणि तुम्ही चुकलात कधी?"

"अजून तरी न्हाई," ते म्हणाले.

पहिली निवडणूक आली त्या हिवाळ्यात बापूसाहेब अपक्ष उभे राहिले. बापूसाहेबांची उत्रोलीच्या वाटेवर भाताची गिरणी होती. मोठ्या आवाजाचा, मोठ्या देहाचा, मनानं सरळ पण शब्द मागं घ्यायची अजिबात सवय नसलेला माणूस. त्यांच्या डोक्यात आलं की विमानातून पत्रकं टाकायची. वेल्ह्याच्या डोंगरात प्रचाराला जायचं म्हणजे चालून चालून पाय मोडायचे. वरून गेलं की एका सकाळीत सगळा मुलूख संपला. आणि विमान चालवणारा तर आपल्याच गावचा.

संस्थानच्या वेळचं कवायतीचं मैदान साफ करून घेतलं. सकाळी सगळं गाव तिथं. वाजंत्री होती. बापूसाहेबांच्या आणि कासमभाईंच्या गळ्यात हार पडले, गुलाबपाणी शिंपडून झालं, आणि आतारचाचांनी त्या दिवशी दोघांच्याही दोन्ही कानांत फाये खोचले. मुलगा आपल्या गावातून उडणार होता. चाचांनी घरात राखून ठेवलेली हिन्याची जुनी कुपी त्यासाठी फोडली. बापूसाहेबांच्या माणसांनी उरलेले हारही आत टाकले. "आत बसल्यावर जानवसघरात बसल्यागत वाटत हुतं," कासमभाई मला पुढं म्हणाले.

आता वरती काय झालं ते मी त्यांच्याकडून नंतर पुष्कळदा ऐकलं आहे. दर वेळी तेच, शब्दही तेच. माणूस रचून सांगत असला की गोष्ट वाढत जाते. कासमभाईंची कधी वाढली नाही.

नसरापूरपर्यंत सगळं झकास झालं. बापूसाहेब काच सरकवून मुठीमुठीनं पत्रकं सोडत होते आणि खाली पळणाऱ्या पोरांना हात करत होते. वेल्ह्याकडं वळल्यावर डोंगराचा वारा लागला. बापूसाहेब मफलरीत शिरले. "कासम, गारठलो बाबा. काच लाव आन ती तुझी ऊब सोड."

त्या विमानात उबेची सोय होती ती अशी: इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर जातो ती नळी तापते, तिच्याभोवती पत्र्याची एक खोळ असते, बाहेरची हवा त्या खोळीतून गरम होऊन माणसांच्या पायाशी येते. साधी सोय. पण नळीला चीर गेली की ऊब आणि धूर बरोबरच आत येतात. कासमभाईंनी कळ ओढली. वेल्ह्याच्या वर एक घिरटी घालून ते परतीच्या वाटेला लागले.

"वास आला असता तर तिथंच वळखलं असतं, मास्तर," ते सांगत. "तेलाचा, रबराचा, करपल्याचा, सगळे वास मला कळत्यात. आताराचा पोरगा हाय म्या. पण त्या धुरात जो जीव घेणारा वायू असतो ना, त्याला सोताला वासच न्हाई. त्याच्या संगतीनं बाकीचा धूर येतो, म्हणून कळतं. आन तो धूर आमच्या हिन्यानं झाकला."

कपाळ जरा जड झालं. त्यांना वाटलं, पहाटे उठलोय म्हणून. मग जडपणा गेला आणि फार छान वाटू लागलं. बापूसाहेब तर हसायलाच लागले होते. काच थोडी सरकवून त्यांनी पत्रकांचा अख्खा गठ्ठा, सुतळी न सोडता, खाली टाकला आणि मांडीवर थाप मारली. कासमभाईंनाही ते गमतीचं वाटलं. मग शिकवणाऱ्याचं सांगणं आठवलं. त्यांनी खाली बोट दाखवून विचारलं, "बापूसाहेब, हे कुठलं गाव?"

बापूसाहेबांनी वाकून पाहिलं. "नसरापूर की!"

खाली आंबवणं होतं. आंबवणं बापूसाहेबांची सासुरवाडी. तिथल्या देवळाचा कळस, पिंपळ, नदीचं वळण, सगळं काही या माणसानं लग्न झाल्यापासून दर दिवाळीला पाहिलेलं.

कासमभाई स्वतःशी उलटी नावं म्हणू लागले. कात्रज, शिवापूर... पुढं काही येईना. शिवापूर, शिवापूर. जी नावं गल्लीतली नागडी पोरं म्हणत होती ती त्यांना आठवत नव्हती. आणि आठवत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. "ते वाईट वाटत न्हवतं ना, तिथं म्या घाबरलो," ते म्हणत. "घाबरलो ते खरं. पण त्यासाठी, दुसऱ्या कशासाठी न्हवं."

त्यांनी उबेची कळ बंद केली, दोन्हीकडच्या काचा उघडल्या, हार बाहेर फेकले, कानातले फाये काढून फेकले आणि तोंड वाऱ्यात धरलं. भोर तिथून लांब नव्हतं. बापूसाहेब ओरडत होते, "आरं तिकडं वाजंत्री थांबलीय, मैदानावर चल!" पण तिथवर आपलं डोकं टिकेल याचा कासमभाईंना भरवसा उरला नव्हता. समोर जो पहिला माळ दिसला त्यावर त्यांनी विमान उतरवलं. माळ बरा होता, पण शेवटी एक बांध होता. त्यावर चाक मोडलं, विमान एका अंगावर कललं आणि पुढचा पंखा जमिनीत रुतला.

आम्ही मैदानावर वाट बघत होतो. निरोप आल्यावर गिरणीच्या ट्रकमधून जे दहा-पंधरा जण गेले त्यांत मी होतो. बापूसाहेब बांधावर बसले होते, गाल लालबुंद, आणि ओकत होते. कासमभाई विमानाभोवती फेऱ्या घालत मोठ्यानं म्हणत होते, "कात्रज, शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ, भोर." पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी बाजारपेठेत सांगून टाकलं, "म्या ठणठणीत हुतो. हा भ्याला."

झालं. गावाला तेवढं पुरलं. कासमभाईंनी लोकांना नळीवरची चीर दाखवली, तिच्याभोवती जमलेली काजळी दाखवली. लोक म्हणाले, आपटल्यावर गेली असेल चीर. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी पुस्तकातून कार्बन मोनॉक्साइडचं नाव काढून दाखवलं, तर बापूसाहेब म्हणाले, "नावच इंग्रजी हाय. आमच्या डोंगरात कशाला मरायला येतंय ते?" यावर पेठ आठवडाभर हसली. पुण्याहून मालकाची माणसं येऊन विमान ट्रकवर घालून घेऊन गेली. कासमभाईंना पुन्हा कुणी विमान दिलं नाही.

बापूसाहेब निवडणुकीत पडले. त्यानंतर एका बाजारच्या दिवशी वेल्ह्याकडचा एक धनगर खांद्यावर गठ्ठा घेऊन आला, सुतळी तशीच बांधलेली. "ह्ये वरनं पडलं," तो ज्याला त्याला सांगत होता. "माजं बकरं थोडक्यात वाचलं. कुनाचं हाय, घेऊन जावा." गठ्ठ्यावर बापूसाहेबांचा फोटो होता. कासमभाई तिथं होते. सुतळीच्या गाठीवर त्यांनी एकदा हात फिरवला. शुद्धीतला माणूस सुतळी सोडल्याशिवाय पत्रकं टाकेल का, हे त्यांना त्या गर्दीला विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही. धनगराला चहा पाजून ते निघून गेले.

मला विचाराल तर विमान गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण ते त्यांनी गिळलं होतं. ‘भ्याला’ हा शब्द मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. आपण सांगतो ते खरं आहे, एवढं एका माणसानं म्हणावं, आणि ते त्या दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती.

घरातही एक गाठ बसली होती. कासमभाई त्यानंतर अत्तर लावेनात. चाचांनी एकदा फाया पुढं केला तर ते मागं सरकले. "नको अब्बा." चाचांनी फाया परत ठेवून दिला. पण संध्याकाळी माडीचा जिना चढून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मास्तर, मी माझ्या हातानं माझ्या पोराला मारत होतो, असं त्याला वाटतंय का हो?" मी म्हणालो, तसं नाही. ते म्हणाले, "मग फाया का घेत न्हाई?" चाचांना ते लागलं होतं, आणि कासमभाईंनाही दिसत होतं की लागलंय.

पोटासाठी त्यांनी एसटी स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये ऑइल इंजिनं दुरुस्त करायला सुरुवात केली. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीची, भाताच्या गिरणीची. त्यांची एकच अट. इंजिन बंद खोलीत असेल तर धुराची नळी आधी छपराबाहेर काढायची, मग दुरुस्ती. किकवीच्या एका बागाइतदारानं कुरकूर केली तर पान्हे गोळा करून सायकलवर टांग टाकून निघाले. तो पाठीमागून धावत आला. आणि खिडक्यांचं सुरू झालं ते याच सुमाराला.

गंमत म्हणजे बापूसाहेबांच्या गिरणीचं इंजिनही तेच बघत. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते लागूच होत नसे. कासमभाई आत शिरले की बापूसाहेब गादीवरून विचारत, "काय कासम, आज भ्यालास का न्हाई?" हमाल हसत. कासमभाई वर जाणारी नळी तपासून कामाला बसत. हे असं वर्षानुवर्षं चाललं. दोघांपैकी कुणालाच त्याचा कंटाळा आला नाही, निदान वरून तरी दिसला नाही.

मध्ये शांताचं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली ती ऐन कडाक्यात. बापूसाहेबांचं घर गिरणीला लागूनच. ती बाळंत झाल्यावर दोन-चार दिवसांनी मी भात भरडून घ्यायला गेलो होतो आणि माझा नंबर यायची वाट बघत ओसरीवर बसलो होतो. कासमभाई इंजिनाचं काम आटोपून राखेनं हात चोळत होते. बापूसाहेबांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. त्या चहा घेऊन बाहेर आल्या.

मी विचारलं, "काय म्हणतात बाळ-बाळंतीण?"

"छान हायेत," माई म्हणाल्या. "बाळ तर सकाळपासनं रडलं म्हणून न्हाई. नुसतं झोपतंय. शांताचं जरा डोकं दुखतंय, पण तीबी मगाशी उगाच हसत हुती. खोली चांगली तापवलीय. दोन शेगड्या ठेवल्यात बाजेखाली."

कासमभाईंचे हात थांबले. "डोकं दुखतंय आन हसतीय?"

"व्हय."

"खिडकी?"

"आता गं बया! बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कुनी उघडी ठेवतं व्हय? चिंध्या कोंबून बंद केलीय."

कासमभाई उठले आणि घराला वळसा घालून मागच्या अंगाला गेले. मी पाठोपाठ गेलो. बंद खिडकीशी तोंड नेऊन त्यांनी हाक मारली, "शांताताई, कासमभाई हाय. गावं सांगा बघू उलटी."

आतून बराच वेळ काही नाही. मग शांताचा आवाज आला, झोपेतला, लाडात आलेला. "कात्रज... शिवापूर..." मग ती हसली. "शिवापूर... कात्रज..."

एवढ्यात ओव्याच्या धुरीचा वास माझ्या नाकाशी आला. छान, घरगुती, स्वच्छ वास. त्याच्या आडून दुसरं काही येत असलं तर मला ते कळणं शक्य नव्हतं. कासमभाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी कमरेचा मोठा पान्हा काढून खिडकीच्या फटीत घातला आणि जोर लावला. लाकूड कडाडलं. माई धावत आल्या, "अहो हे काय करताय! ओली बाळंतीण हाय आत!" गिरणीतून बापूसाहेब काठी घेऊनच आले. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी परका पुरुष फोडतोय, हे बघून त्यांचा पारा चढला नसता तरच नवल.

"कासम, हात तोडीन!"

कासमभाईंनी पान्हा सोडला नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "बापूसाहेब, त्या दिवशी तुमीबी असंच हसत हुता."

काठी तशीच वर राहिली. बापूसाहेब खिडकीकडं बघत होते. आतून शांता पुन्हा हसली, कशालाच नाही, उगाच. बापूसाहेबांनी काठी टाकली आणि एवढा जड माणूस धावत घरात गेला. दार आपटल्याचा आवाज आला. मग ते परसात आले ते दोन्ही हातांत दोन पेटत्या शेगड्या घेऊन. त्यांनी त्या तशाच मातीत उलट्या केल्या. तळहात भाजल्याचं त्यांना संध्याकाळी कळलं. इकडं खिडकी निखळली. माई आत गेल्या आणि बाळाला घेऊन त्या उघड्या खिडकीशी आल्या. बाळ लुळं पडलं होतं. माईंनी त्याला उभं धरलं, पाठीवर चोळलं, हाका मारल्या. आम्ही तिघे पुरुष खाली मान घालून परसात उभे होतो. कासमभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. गावं नव्हती ती, दुवा होती.

मग बाळ रडलं. आधी कुरकुरल्यासारखं, नंतर चांगलं टाहो फोडून. माई खिडकीतच खाली बसल्या.

डॉक्टर आले, त्यांनी शांताला दोन दिवस वाऱ्यावर बसवायला सांगितलं. कासमभाई तोवर निघून गेले होते. त्या दिवशी बापूसाहेब त्यांना काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. गिरणीत आल्यावर ‘भ्यालास का’ तेवढं विचारायचं बंद झालं. मला वाटलं, एवढ्यावरच भागणार. बापूसाहेबांसारख्या माणसाकडून तेही पुष्कळ होतं.

बारशाला सगळ्या गावाला बोलावणं होतं. आत बायकांचा पाळणा चालला होता, ओसरीवर पुरुष. आंबवण्याहून बापूसाहेबांचे मेव्हणे आणि सासरची चार वडीलधारी मंडळी आली होती. आतारचाचा अत्तरदाणी घेऊन बसले होते. कासमभाई आले, त्यांनी वहाणा काढल्या आणि सवयीनं ओसरीची खिडकी उघडली. मेव्हणे म्हणाले, "आली बघा खिडकी." हशा झाला.

"हसू नका," बापूसाहेब म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. म्हणूनच सगळे गप्प झाले. त्यांच्या दोन्ही तळहातांना अजून फडकी बांधलेली होती. ती मांडीवर ठेवून ते मेव्हण्यांकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी इमानातनं ह्यानं मला इचारलं, खाली कुठलं गाव. म्या म्हनलो, नसरापूर. खाली आंबवणं हुतं."

"आमचं आंबवणं?" मेव्हणे म्हणाले.

"तुमचंच. तुमचा पिंपळ समोर दिसत हुता, आन म्या नसरापूर म्हनलो." त्यांनी कासमभाईंकडं मान वळवली. "हा भ्याला न्हवता. माजं डोकं गेलं हुतं. ह्यानं मला खाली आनलं, आन आता लेकीला आन नातवालाबी. एवढी वरसं म्या खोटं बोललो."

आत पाळणा म्हणणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या होत्या. कासमभाई खिडकीशी तसेच उभे होते, एक हात कडीवर. मग आतारचाचा उठले. त्यांनी कापसाचा बोळा हिन्यात बुडवला, पिळला आणि मुलासमोर जाऊन उभे राहिले. पुढं केला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले. कासमभाईंनी मान खाली घातली. चाचांनी फाया कानात खोचला. कासमभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"लागला का वास?" चाचांनी हळूच विचारलं.

"लागला अब्बा. जमिनीवर लागू दे, तितकं चालतंय."

मला फार बरं वाटलं. ओसरीची खिडकी उघडी होती, तेव्हा ते बरं वाटणं खरंच असणार.

माझी बदली झाली तेव्हा चाचा जाऊन काही महिने झाले होते. दुकान कासमभाईंची धाकटी बहीण बघत होती. सकाळची एसटी होती. ट्रंक टपावर चढवून मी खिडकीशी बसलो, तर ती खिडकी अडकलेली, काही केल्या सरकेना. कंडक्टर म्हणाला, ती उघडत नाही. तेवढ्यात कासमभाई शेडमधून हात पुसत आले. कंडक्टरला काही न विचारता आत चढले, काचेच्या चौकटीला पान्ह्यानं दोन ठोके दिले आणि काच खाली केली. मग खिशातून डबीत जपून आणलेला फाया काढून त्यांनी माझ्या कानाच्या पाळीत खोचला. बोटांना ऑइलचा वास होता, फायाला हिन्याचा.

"अब्बांच्या कुपीतला शेवटचा हाय," ते म्हणाले. "कात्रजपर्यंत टिकल. पण डोकं दुखलं तर लाजू नका मास्तर, फेकून द्या आन खिडकी उघडा."

"उघडीच ठेवतो," मी म्हणालो.

गाडी सुरू झाली. ते खाली उतरून शेडच्या दाराशी उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, "मास्तर, उलटी!" मी म्हणत गेलो, मोठ्यानं, सगळी गाडी माझ्याकडं बघत असताना: कात्रज, शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ. पुढचं नाव मला येत होतं. पण ते न म्हणता मी तोंड खिडकीबाहेर वाऱ्यात धरलं.